नाडी नियमित

मुलगी वाकली नाही, तिथूनच सगळं बिनसलं.

परीक्षेला आलेलं प्रत्येक पोर खाटेशी आलं की आधी वाकायचं. पायाला हात लावायचं आणि म्हणायचं, "काका, आशीर्वाद द्या." मग दीनानाथ त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, जरा पुढे झुकायचा आणि आशीर्वाद द्यायचा. आशीर्वाद म्हणजे रोगाचं नाव. "माइट्रल स्टेनोसिस. डाव्या कुशीवर वळवून ऐक. नाडी नियमित." एवढंच, ओठ फारसे न हलवता. पलीकडच्या टेबलावरून बघणाऱ्या परीक्षकांना एक म्हातारा पेशंट एका होऊ घातलेल्या डॉक्टरचं भलं चिंततो आहे, इतकंच दिसायचं. ही रीत कुणी पाडली ते आता दीनानाथलाही आठवत नव्हतं. हॉस्टेलमध्ये एका तुकडीने पुढच्या तुकडीला सांगावं, असं ते चालत आलं होतं. वारज्याहून येणारे ते हृदयवाले काका मिळाले तर घाबरायचं नाही, नुसतं पाया पडायचं. सरकारी कॉलेजच्या त्या जुन्या वॉर्डात, वर्षातून एकदा, कधी दोनदा, दीनानाथ असा देवासारखा बसून राहायचा. आज सकाळी मात्र ही मुलगी आली, उभी राहिली आणि म्हणाली, "मी पूर्णिमा. तुम्हाला तपासते, चालेल ना?" आणि थेट मनगटच धरलं.

बाकीची मुलं नाडी धरतात तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात, नाहीतर टेबलाकडे. ही मनगटाकडेच बघत होती. आवाज न करता तिचे ओठ मोजत होते. मध्येच ते थांबले. पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. आणि दीनानाथला कळलं की आपल्याला आतून जे जाणवतंय तेच हिला बाहेरून लागलंय. गुरुवारी शहराचं पाणी बंद असलं की शुक्रवारी सकाळी त्यांच्या नळाला आधी नुसती हवा येते. नळ फुरफुरतो, थुंकतो, गप्प होतो, मग एकदम दोन गचके देतो. गेले दोन महिने त्याच्या छातीत अधूनमधून तसंच होत होतं. थोडा वेळ चालायचं आणि मग काही झालंच नाही असं पाणी सरळ लागायचं. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. मुलीचे ओठ तिसऱ्यांदा थांबले तेव्हा त्याला राहवलं नाही. तिने मागितला नव्हता तरी त्याने आशीर्वाद देऊन टाकला. ती छातीवर नळी लावायला वाकली, तेवढ्यात तिच्या कानाशी तो पुटपुटला, "माइट्रल स्टेनोसिस. नाडी नियमित." मुलगी सरळ झाली. रागाने नव्हे, पण स्पष्टच म्हणाली, "बोलू नका काका. ऐकू येईना मला."

आता जेवणाची सुट्टी झाली होती आणि तो व्हरांड्यातल्या बाकावर घरचा डबा मांडीवर घेऊन बसला होता, न उघडता. बोलू नका. एवढ्या वर्षांत हे त्याला कुणी म्हटलं नव्हतं. त्याच्या बोलण्यावरच तर सगळं चाललं होतं. पण खरं खुपत होतं ते त्याच्यानंतरचं. परीक्षक आले, बाहेरगावचे, चष्मा कपाळावर चढवलेले. मुलगी म्हणाली, "सर, पल्स इरेग्युलर आहे." परीक्षकांनी मनगट धरलं आणि नेमकं तेव्हाच नळाला पाणी सरळ आलेलं. टक, टक, टक. परीक्षक म्हणाले, "कुठे आहे इरेग्युलर?" मुलगी म्हणाली, "मघाशी होती, सर." "मघाशी," परीक्षकांनी तो शब्द चिमटीत धरून उचलावा तसा उचलला. "अहो, तुमच्या एकेका सीटवर सरकार किती खर्च करतं, काही कल्पना? लोकांचा पैसा आहे तो. आणि तुम्ही पेशंटची नाडी मघाशी होती म्हणून सांगता." मग ते दीनानाथकडे वळले. "काय काका, धडधड होते कधी? ठोका चुकल्यासारखं वाटतं?" आणि दीनानाथ म्हणाला, "नाही."

विचार करून म्हणाला असंही नव्हतं. जकात नाक्यावर बसून जन्म गेला, तिथे प्रश्न आला की उत्तर तयार ठेवायची सवय लागते, तसं ते तोंडातून गेलं. मुलीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यात राग असता तर बरं झालं असतं. ज्या काट्यावर आपण विश्वासाने माल ठेवला तोच चुकीचं वजन दाखवतोय म्हटल्यावर माणूस काट्याकडे जसं बघेल, तसं तिने पाहिलं. परीक्षक म्हणाले, "या तुम्ही." ती गेली.

"जेवा की मास्तर," शेजारून उत्तरेश्वर म्हणाला. उत्तरेश्वरची केस पानथरीची, म्हणजे वाढलेल्या प्लीहेची. पोटाच्या डाव्या बाजूला हात घातला की ती भाकरीसारखी लागते म्हणे, त्यामुळे त्यालाही दरवर्षी बोलावणं. मूळचा धाराशिवकडचा, हिंजवडीला इमारतींवर राखणदारी करायचा, आणि परीक्षेच्या दिवशी पोट मोकळं राहावं म्हणून सैल लेंगा घालून यायचा. "औंदा ताट न्हाई, चहा न्हाई. पोरं मात्र तेवढीच. माझं पोट तर कणीक मळल्यागत झालंय."

"निधी आला नाही म्हणाले," दीनानाथ म्हणाला.

"त्या पलीकडच्या खोलीत प्लॅस्टिकचा मानूस आणलाय, बघितला का? त्याच्या छातीत सगळे आवाज हायेत म्हनं. बटन दाबलं की झालं. कुलपात हाय. चालवायला शिकवनारा मानूस अजून मंजूर न्हाई." उत्तरेश्वरने भाकरीचा तुकडा मोडला. "बरंय, त्याला डबा लागत न्हाई."

दीनानाथला हसू आलं, पण ते वरवरच राहिलं. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्या केसेसना दाखल करून घ्यायचे. त्यासाठी सरकारातून वेगळे पैसे यायचे, शिकवण्यासाठीचे म्हणून. रात्री वॉर्डात झोपायचं, सकाळी गरम पोहे, छातीला तारा लावून ईसीजीची टेप काढायची, सोनोग्राफीसारखं ते हृदयाचं चित्र काढायचं, आणि कोण कसा आहे हे ताजं लिहून मगच परीक्षा. यंदा परीक्षेची व्यवस्था बघणाऱ्या इंद्रजीत सरांचा फोन आला तेव्हा ते ओशाळल्यासारखे बोलत होते. "काका, पैसेच आलेले नाहीत हो. दाखल नाही करता येणार. तुम्ही सरळ सकाळी या. तब्येत तशीच आहे ना?" आणि दीनानाथ तेव्हाही म्हणाला होता, "तशीच." "मग मागच्या वर्षीचाच रिपोर्ट लावतो." तशी नाही म्हटलं असतं तर फोन तिथेच संपला असता. परीक्षेची केस कशी, मुरलेली लागते. रोग असावा, पण तो जागचा हलू नये. मुळशीचा एक जण होता, यकृताचा. एका वर्षी त्याच्या पोटात पाणी झालं आणि परीक्षेतून त्याचं नाव गेलं. तो नंतर कुठे गेला, कोणी विचारलं नाही. दीनानाथनेही नाही.

घरून निघताना बायको, श्यामला, म्हणाली होती, "निघाले सरकारी मास्तर. पगार नाही, पेन्शन नाही, सदरा मात्र इस्त्रीचा." मग डबा हातात देताना जरा थांबून, "चेहरा का असा दिसतोय?" तो म्हणाला, "झोप नाही झाली." पण तिने दार लगेच लावलं नाही, हे त्याला जिना उतरताना कळलं होतं.

पण त्याला सदऱ्याला इस्त्री करावीशी वाटायची, त्याचं कारण तिला सांगून समजलं नसतं. त्याच्या हृदयाची झडप अरुंद आहे, तेच ते माइट्रल स्टेनोसिस, हे पहिल्यांदा सापडलं तेव्हा तो ऐन तिशीत होता. नाक्यावर ट्रकमागे धावताना दम लागून खाली बसला, लोकांनी इथे आणून टाकला. दुसऱ्या दिवशी एक वयस्क प्रोफेसर दहाबारा पोरं घेऊन आले, त्याच्या छातीवर नळी ठेवली आणि डोळे मिटले. किती वेळ मिटले होते. मग म्हणाले, "या रे सगळे. असा आवाज पुस्तकात भेटत नाही." पोरं एकेक करून वाकली. दीनानाथला त्या दिवशी आपण आजारी आहोत असं वाटलंच नाही. आपल्या आत काहीतरी आहे, ते चांगलं आहे, आणि ते ऐकायला माणसं रांगेत उभी आहेत, असं वाटलं. त्याआधी आणि त्यानंतर त्याचं कुणी इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. नाक्यावर तो स्वतः ऐकायचा. तेलाची पिंपं यायची, ड्रायव्हर शपथा घ्यायचे की रिकामी आहेत. दीनानाथ बोटाच्या पेराने ठोकून बघायचा. रिकामं पीप वाजतं, भरलेलं गप्प राहतं, आणि अर्धवट भरलेलं एका जागी आवाज बदलतं. प्रोफेसरांनी त्याच्या पाठीवर बोट ठेवून वरून दुसऱ्या बोटाने ठोकलं तेव्हा त्याला मजा वाटली. अरे, हा तर आपलाच धंदा. मग एके दिवशी जकात रद्द झाली. नाक्याची पत्र्याची शेड काढली, त्याला महापालिकेत आत कुठेतरी टेबलाशी बसवलं. ठोकून बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. निवृत्त झाल्यावर तर तेही संपलं. मुलगा सलिल सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जातो, रात्री येतो तो कानात फोनच्या बोंड्या घालून. घरात कुणी वाईट नाही. फक्त कुणी हात लावत नाही. वर्षातून एकदा इथे येऊन बसलं की वीस वर्षांच्या पोरांची गार, घाबरलेली बोटं अंगाला लागायची. "काका, श्वास घ्या. काका, सोडा. दुखलं का काका?" त्यांच्यासाठी तो आशीर्वाद द्यायचा. उपकाराची परतफेड कशाची, ते लाच देणंच होतं खरं तर. त्यांनी पुन्हा यावं म्हणून.

आणि त्या आशीर्वादाने असं करून ठेवलं होतं की आता जायला जागा राहिली नव्हती. पहिल्यांदा नळाला हवा आली, त्या आठवड्यात तो कर्वेनगरातल्या एका हृदयवाल्याच्या दवाखान्यात गेला होता. बाहेर पाटी, डॉ. ऋषी अमुक. आत काचेपलीकडे तो दिसला, आणि दीनानाथला ओळख पटली. हाच तो. परीक्षेच्या वेळी नळी कानात उलटी घातली होती याने, इतका घाबरला होता. पायावर डोकंच टेकलं होतं. पास झाला, मोठा झाला, चांगलंच झालं. पण दीनानाथ खुर्चीत बसून राहिला आणि त्याच्या मनात आलं, याने माझा आवाज ऐकलाच नाही. मीच सांगितला. आज तरी याला ऐकू येईल कशावरून? नंबर पुकारायच्या आत तो उठून आला. बसमध्ये बसल्यावर एकेक आठवत गेलं. सिंहगड रस्त्याची ती शेफाली, कोथरूडचा तो उंच मुलगा, वारज्यात त्यांच्याच चौकात पाटी लावलेला तो तिसरा. पुण्यात ज्या डॉक्टरकडे जावं तो त्याच्याच पुटपुटण्यावर पास झालेला. सरकारने एवढा खर्च करून एवढे डॉक्टर केले आणि दीनानाथने बसल्या जागी त्या सगळ्यांच्या कानात बोळे घातले. आणि एक आली, जिने बोळा काढून टाकला, तिला त्याने आज भर परीक्षेत खोटं पाडलं.

डबा उत्तरेश्वरच्या शेजारी ठेवून तो उठला. वॉर्डाच्या दाराशी इंद्रजीत सर दुपारच्या तुकडीच्या खाटा लावून घेत होते.

"सर, त्या मुलीचं काय होईल? सकाळच्या, पूर्णिमा."

"का हो?" सर थांबले. "नापास झाली तर सहा महिन्यांनी पुन्हा बसेल. अजून मार्क बंद झालेले नाहीत. संध्याकाळी होतात."

"ती खरं सांगत होती. माझी नाडी चुकते. दोन महिने झाले. मीच नाही म्हणालो."

इंद्रजीत सरांनी लगेच मनगट धरलं. दीनानाथने श्वास धरून ठेवला. टक, टक, टक. सर हसले, प्रेमानेच हसले. "काका, तुमचा स्वभाव मला माहिती आहे. पोरगी रडली का फार?"

"रडली नाही. मी खरं सांगतोय."

"काका," सरांनी आवाज खाली आणला, "तुमचा आशीर्वाद मीसुद्धा घेतलाय. विसरलात? तुम्ही पोरांसाठी काय काय बोलता ते मला विचारा." मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "टेप काढली असती, पण आपल्या मशीनचा कागद संपलाय, आणि बाह्यरुग्णला लाईन. शिवाय टेप निघते तेवढ्यात चुकायला हवी ना नाडी. चोवीस तास लावायचं यंत्र असतं, त्याची मागणी गेली आहे. पैसे आले की येईल. तुमच्या शब्दावर मी काही नाही करू शकत, काका. माझ्या हाताला लागलं तर गोष्ट वेगळी. आता तुम्ही बसून घ्या, दुपारची मुलं येतील."

तुमच्या शब्दावर नाही. दीनानाथ व्हरांड्यात परत निघाला तेव्हा हे वाक्य त्याच्या मागे मागे येत होतं. चुकीचं काही म्हणाले नव्हते सर. नाक्यावर तो तरी दुसरं काय करायचा? शपथ कुणाचीही चालायची नाही, पीप ठोकूनच बघायचं.

मुलगी पाण्याच्या कूलरशेजारी पायरीवर बसली होती. पुस्तक उघडं होतं आणि ती वाचत नव्हती. त्याने तिच्यासमोर हात पुढे केला. "धर."

तिने वर पाहिलं. "झालं की आता काका. जाऊ द्या. दुपारच्या छोट्या केसेस राहिल्यात माझ्या."

"परीक्षेसाठी नाही. धर."

ती हलली नाही. "किती दिवसांपासून होतंय?"

"दोन महिने."

"मग मघाशी सरांना..." तिने वाक्य पुरं केलं नाही. तिच्या गावाकडची माणसं असंच करत असावीत, समोरच्या म्हाताऱ्याला तोंडावर खोटारडा म्हणत नसावीत. तिने पुस्तक मिटलं. "घरी सांगितलं कुणाला?"

"नाही."

"कधी हात जड पडला? बोबडी वळल्यासारखं?"

तो नाही म्हणणार होता. उत्तर ओठावर तयारच होतं. मग म्हणाला, "एकदा भाजीवाल्यापुढे दोडका हा शब्द येईना. हातात धरलेला होता, पण नाव येईना. लोक हसले. थोड्या वेळाने आला."

मुलीचा चेहरा बदलला. सकाळी परीक्षकांसमोर उभी असतानाही तो असा झाला नव्हता. "अशा नाडीत रक्ताची गुठळी होते काका, डोक्यात जाते. बसा इथं," ती म्हणाली. "भिंतीला टेका. हात मांडीवर ठेवा, ढिला सोडा."

तो बसला. तिची बोटं गार होती, कूलरच्या पाण्याने ओली. मनगटावर ती एकदा सरकली आणि जागा सापडल्यावर थांबली. टक, टक, टक. पाणी सरळ येत होतं. दोन महिने तो रोज सकाळी डोळे उघडल्यावर हेच मागायचा, की आज सरळ जाऊ दे. आणि आता तो बसला होता आणि मनात म्हणत होता, चूक. एकदा चूक. किती हट्टी असावं शरीराने. ज्याच्यापासून लपवायचं त्याच्यासमोर फुरफुरायचं आणि दाखवायचं तेव्हा शहाण्यासारखं वागायचं. व्हरांड्यातून दुपारच्या तुकडीची मुलं येऊ लागली होती, पांढरे कोट, नव्या बुटांचे आवाज. त्यातला एक पोरगा दीनानाथला पाहून थबकला, हसला आणि वाकायच्या बेताने पुढे आला. दीनानाथने मोकळ्या हाताने त्याला थांबवलं. पोरगा गोंधळून तसाच उभा राहिला. पलीकडून उत्तरेश्वर ओरडला, "मास्तर, बोलावतायत आत."

दीनानाथला वाटलं, हिला काहीतरी सांगावं. तुला उशीर होईल, जा, असं काहीतरी. नाहीतर चुकली, आत्ता चुकली बघ, असंच सांगून टाकावं, तिच्या भल्यासाठी. त्याने तोंड उघडलं.

"बोलू नका," मुलगी म्हणाली. मान खालीच होती.

त्याने तोंड मिटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो एखाद्या पोरासमोर केस म्हणून बसला आणि काही बोलला नाही. फार थकला होता, आणि गप्प बसण्यात एवढा आराम असतो हे त्याला माहीत नव्हतं. मुलीचे ओठ आवाज न करता हलत होते. तो त्यांच्याकडे बघत राहिला. बघता बघता आत कुठेतरी खोल नळ फुरफुरला. एक गचका. मग काहीच नाही. मग दोन, एकदम.

मुलीचे ओठ थांबले.

तिने बोटं उचलली नाहीत, मानही वर केली नाही. फक्त दुसरा हात वॉर्डाच्या दाराच्या दिशेने वर केला आणि तसाच धरून ठेवला, आवाज केला तर हातातलं निसटेल अशा बेताने. पुढे आलेला तो पोरगा आत धावला. इंद्रजीत सर बाहेर आले, काही विचारायला लागले आणि तिचा हात पाहून थांबले. मग ते दीनानाथच्या दुसऱ्या बाजूला, पायरीवरच, उकिडवे बसले आणि त्यांनी त्याचं दुसरं मनगट धरलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरताना दीनानाथने पाहिलं. मग सर मान न वळवता म्हणाले, "परीक्षकांना बोलवा इकडे. आणि खाट तयार करा. पेशंट आहे."

केस नव्हे, पेशंट. दीनानाथने भिंतीला डोकं टेकलं. दोन्ही हात गुंतले होते, डोक्यावर ठेवायला एकही उरला नव्हता. डबा तिकडे बाकावरच राहिला होता, श्यामला विचारेल. त्याने डोळे मिटले आणि दोघांना ऐकू दिलं.